चिठ्ठी आणि पत्र
(कन्हेरी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वेळ ठरवून दिली आहे, विषय मात्र माझ्यावर सोडला आहे. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथं पुष्कळ बसले आहेत. ते काम त्यांच्याकडं ठेवून मी आज पत्रांविषयी बोलणार आहे. वर्तमानपत्राच्या संपादकांनी राज्यकर्त्यांशी आणि मोठ्या पुढाऱ्यांशी केलेल्या पत्रव्यवहाराविषयी. माझ्यासमोर तीन संपादक आहेत. पहिला अमेरिकेतला, पण त्याआधी कलकत्त्यात वर्तमानपत्र चालवलेला. दुसरे आपले लोकमान्य टिळक. तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तिघांच्याही पत्रांचं दुसरं टोक अमेरिकेत आहे.

हा विषय कन्हेरीत कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या गावाला राजकारण नवं नाही. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ आपल्या मारुतीरायापुढं फुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी राज्यभरच्या पेपरात येते. पुढारी जवळून बघायची आपल्याला सवय आहे. आणि पुढारी जवळ असला की माणूस सहसा पत्र लिहीत नाही, चिठ्ठी मागतो. पोराच्या नोकरीसाठी, मास्तराच्या बदलीसाठी, कॉलेजच्या प्रवेशासाठी. चिठ्ठी मागण्यात कमीपणा आहे असं मी म्हणणार नाही. गरज असते, आणि पुष्कळ घरं त्या चिठ्ठीवर उभी राहिली आहेत. पण चिठ्ठीनं एकाचं काम होतं, आणि पत्रानं सगळ्यांच्या वतीनं काहीतरी मागता येतं. या दोहोंतला फरक मला या तीन संपादकांच्या पत्रांत स्पष्ट दिसला, म्हणून हा विषय घेतला.

पहिला माणूस विल्यम ड्युएन. आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 1760 साली अमेरिकेत जन्मला, आयर्लंडमध्ये वाढला, छपाईचं काम शिकला आणि नशीब काढायला कलकत्त्याला आला. तिथं त्यानं आधी 'बेंगाल जर्नल' आणि मग 'वर्ल्ड' नावाचं वर्तमानपत्र चालवलं. कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी तो छापू लागला. सरकारला ते सोसलं नाही. आपले बारामतीचे मोरोपंत 1794 च्या चैत्रात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडं कलकत्त्यात गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांच्या सरकारनं ड्युएनला पकडलं आणि जहाजात बसवून देशाबाहेर काढलं. खटला नाही, सुनावणी नाही. छापखाना, घर, पुस्तकं सगळं मागं राहिलं. भरपाई मागत तो लंडनला फिरला. हाती काही लागलं नाही. शेवटी 1796 साली तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचला.

फिलाडेल्फियात 'ऑरोरा' नावाचं वर्तमानपत्र होतं. बेंजामिन फ्रँकलिन यांचा नातू ते चालवायचा. 1798 साली पीतज्वराच्या साथीत तो गेला आणि 'ऑरोरा' ड्युएनच्या हाती आलं. त्याच वर्षी अमेरिकेत राजद्रोहाचा कायदा झाला होता. स्वातंत्र्य मिळवून पंधरा वर्षं झाली होती आणि सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या संपादकांना तिथं तुरुंगात टाकायला सुरुवात झाली होती. ड्युएनवर खटले भरले गेले. सैनिकांच्या एका टोळीनं त्याला कचेरीतून ओढून बाहेर मारलं. 1800 साली त्यानं आणखी एक धाडस केलं. अध्यक्षाच्या निवडणुकीत वादग्रस्त मतांचा निकाल कुणी द्यायचा, याचं एक विधेयक सिनेटमध्ये गुपचूप चाललं होतं. ते त्यानं पेपरात छापून टाकलं. सिनेटनं हजर राहण्याचा हुकूम काढला. ड्युएन लपून बसला आणि लपल्या जागेवरून अग्रलेख लिहीत राहिला.

त्या निवडणुकीत थॉमस जेफरसन निवडून आले. 'ऑरोरा'नं आपल्याला किती आधार दिला हे जेफरसन यांनी पुढंही मान्य केलं. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी राजद्रोहाच्या कायद्याखालची कारवाई थांबवली. आणि इथून दोघांचा पत्रव्यवहार वाढला, तो पुढं बरीच वर्षं चालला.

ही पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, याचं एक कारण जेफरसन यांची सवय. आपण पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ते ठेवायचे. 1804 पासून त्यांच्याकडं दोन लेखण्यांचं एक यंत्र होतं. एका लेखणीनं लिहिलं की शेजारची दुसरी लेखणी दुसऱ्या कागदावर तेच लिहायची. ही नकलेची गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडं परत येणार आहे.

आता पत्रांत काय आहे ते बघू. ड्युएन पत्रांतून धोरणावर मत देतो, माणसांची माहिती देतो, कोणत्या खात्यात कोण विरोधी पक्षाचा बसला आहे ते कळवतो. आणि त्याच पत्रांतून काम मागतो. सरकारी छपाईचं काम, कागद आणि लेखनसाहित्य पुरवण्याचं कंत्राट. 1808 साली त्याला फौजेत लेफ्टनंट कर्नलचा हुद्दाही मिळाला. म्हणजे कलकत्त्यात आणि फिलाडेल्फियात ज्याची लेखणी कुणाला वाकवता आली नाही, तो माणूस आपला पक्ष सत्तेत आल्यावर पत्र आणि चिठ्ठी एकाच पाकिटात घालू लागला. त्याला दोष देणं सोपं आहे. पेपर चालवायला पैसा लागतो, त्याच्यावर कर्ज होतं, घरात माणसं होती. पण परिणाम व्हायचा तो झालाच. मागितलं तेवढं मिळेना, तसा तो अर्थमंत्री गॅलाटिन यांच्यावर तुटून पडू लागला. त्याची टीका तत्त्वाची किती आणि नाराजीची किती, हे मग वाचणाऱ्याला ठरवता येईना.

1811 साली 'ऑरोरा' अडचणीत आलं. जेफरसन तेव्हा निवृत्त होऊन शेतावर राहत होते. त्यांनी व्हर्जिनियातल्या मित्रांमार्फत पैसा उभा करायचा प्रयत्न केला. पण तेवढ्यात ड्युएननं अध्यक्ष मॅडिसन यांच्यावर टीकेचा मारा सुरू केला आणि मित्रांनी हात आखडला. जेफरसन यांनी ते त्याला सरळ कळवलं. पक्षातल्या बहुसंख्यांना धरून राहावं, असा सल्लाही दिला. ड्युएननं तो मानला नाही. इथं मला ड्युएन पुन्हा मोठा वाटतो. पैसा हातातून जाताना दिसत असूनही त्यानं लिहायचं ते लिहिलं.

जेफरसन यांचंही सगळं बरोबर होतं असं नाही. 4 ऑगस्ट 1812 रोजी त्यांनी ड्युएनलाच लिहिलं की, यंदा क्युबेकच्या आसपासपर्यंतचा कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जाणं आहे. त्यानंतर बाराव्या दिवशी अमेरिकेचा डेट्रॉईटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दोन वर्षांनी इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाचाही अंदाज असा चुकतो. पण त्यांनी ती नक्कल फाडली नाही. म्हणून आज दोनशे वर्षांनी आपल्याला थोर माणूस त्याच्या चुकीसकट दिसतो.

आता आपल्या पुण्याकडं येऊ. 1881 च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. ड्युएनला अमेरिकेत राजद्रोहानं गाठलं होतं, टिळकांना इथं गाठलं. 1897 साली दीड वर्षाची सजा झाली आणि 1908 साली सहा वर्षांची. मंडालेहून ते 1914 साली परत आले तेव्हा जग युद्धात उतरायच्या बेतात होतं. या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापलीकडं गेली. 1918 च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपली चौदा कलमं मांडली. लहान-मोठ्या राष्ट्रांनी आपलं भवितव्य आपण ठरवावं, ही भाषा जगभर ऐकू गेली. ती आपल्याकडंही ऐकू आली.

विल्सन यांना पत्र लिहिणारे टिळक पहिले नव्हते. मद्रासचे निवृत्त न्यायमूर्ती सर सुब्रह्मण्य अय्यर यांनी जून 1917 मध्येच त्यांना पत्र लिहिलं होतं आणि एका अमेरिकन जोडप्याच्या हाती गुपचूप पाठवलं होतं. त्याचा बोभाटा झाला तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटात त्यांची निर्भर्त्सना झाली. अय्यर यांनी 'सर' आणि 'दिवाण बहादूर' या पदव्या सरकारला परत केल्या. एका पत्राची किंमत तेव्हा ही होती.

टिळक 1918 च्या ऑक्टोबरअखेर लंडनला पोचले ते व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकारावरच्या बदनामीच्या दाव्यासाठी. डिसेंबरच्या दिल्ली काँग्रेसनं शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव निवडलं. पण पॅरिसला जायला पासपोर्ट मिळाला नाही. परिषदेत हिंदुस्थानच्या नावानं बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराज. लोकांनी निवडलेल्या माणसाला दार बंद आणि सरकारनं नेमलेल्यांना खुर्ची. तेव्हा टिळकांच्या हाती एकच राहिलं, ते म्हणजे पत्र.

जानेवारी 1919 मध्ये त्यांनी विल्सन यांना पत्र लिहिलं आणि हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयावरची पुस्तिका सोबत जोडली. विल्सन यांच्या खाजगी सचिवानं उत्तर दिलं. आभार मानले, आणि हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य ते अधिकारी विचारात घेतील, असं कळवलं. इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी तहसील कचेरीत, पाटबंधारे खात्यात किंवा वीज मंडळात अर्ज दिले आहेत, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे.' जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या कचेरीतून लोकमान्यांना आलेलं उत्तर याच जातीचं होतं. आणि ते योग्य अधिकारी म्हणजे तरी कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तेच.

टिळक तिथं थांबले नाहीत. फेब्रुवारीत चिरोलचा दावा ते हरले. खर्चाचा डोंगर अंगावर आला. वय बासष्ट, मधुमेहानं पोखरलेलं शरीर, परका देश, थंडी. आणि 11 मार्च 1919 ला त्यांनी परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांना पत्र लिहिलं. या पत्राचा सूर बघण्यासारखा आहे. त्यात गयावया नाही. हिंदुस्थान स्वयंपूर्ण आहे, दुसऱ्या कुणाच्या मुलखावर त्याचा डोळा नाही, एवढा विस्तार, एवढी साधनसंपत्ती आणि एवढी लोकसंख्या असलेला हा देश आशियातली एक प्रमुख सत्ता होऊ शकतो आणि जगाच्या शांततेला पूर्वेकडून आधार देऊ शकतो, असं त्यांनी मांडलं. म्हणजे मागणारा माणूस सांगत होता की, आमचं ऐकण्यात तुमचाही फायदा आहे. स्वतःच्या पासपोर्टाचं किंवा दाव्याच्या खर्चाचं रडगाणं त्यात नाही. ते पत्र तीस कोटी लोकांच्या वतीनं लिहिलं होतं.

मिळालं काय? परिषदेतून काहीच नाही. त्याच मार्चमध्ये रौलट कायदा आला, 13 एप्रिलला जालियनवाला बाग झाली. टिळक नोव्हेंबरमध्ये परत आले आणि 1 ऑगस्ट 1920 ला गेले. मग हे पत्र वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. सरकारनं नेमलेल्या तिघांनी मांडली तेवढीच हिंदुस्थानची बाजू होती, असं म्हणायची सोय या पत्रानं इतिहासाला ठेवली नाही. आम्ही मागितलं होतं, तारखेसह मागितलं होतं, आणि तुम्ही दिलं नाही, हे कागदावर राहिलं. न मिळालेल्या हक्काचीही नोंद लागते. ती नसेल तर पुढची पिढी म्हणते, आमच्या लोकांना काही नकोच होतं.

तिसरं पत्र सांगण्याआधी एक छोटी नोंद. पुण्यातून अमेरिकेला उद्देशून त्याआधीही कुणीतरी लिहिलं होतं. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याचं काम केलं होतं. अर्पणपत्रिका हे एक परीनं पत्रच असतं, फक्त त्यावर पत्ता नसतो.

तो पत्ता बाबासाहेबांनी शोधला, त्र्याहत्तर वर्षांनी. बाबासाहेबही संपादक. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक', 1927 ला 'बहिष्कृत भारत', मग 'जनता'. 1913 ते 1916 ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. 1946 च्या जुलैमध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. डुबॉइस हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत पुढारी, आणि तेही संपादक. 'द क्रायसिस' हे मासिक त्यांनी 1910 पासून चोवीस वर्षं चालवलं.

तो काळ बाबासाहेबांसाठी कठीण होता. निवडणुकीत त्यांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा पराभव झाला होता. सत्तांतराच्या वाटाघाटींत अस्पृश्यांचं वेगळं म्हणणं कुणी ऐकायला तयार नव्हतं. पत्र लहान आहे. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण आपलं नाव मी जाणतो. तुमच्या लोकांचा प्रश्न मी अभ्यासला आहे, तुमच्यात आणि हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांत फार साम्य आहे. तुम्ही संयुक्त राष्ट्रांकडं निवेदन दिल्याचं वाचलं, आम्हीही तसा विचार करतो आहोत, तर त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का? एवढंच. 31 जुलैला डुबॉइस यांचं उत्तर निघालं. एका संघटनेचं निवेदन त्यांनी सोबत पाठवलं, दुसरं तयार होत असल्याचं कळवलं, अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त केली आणि लागेल ती मदत करू असं लिहिलं.

टिळकांच्या पत्राला जे मिळालं नाही ते या पत्राला मिळालं. याचं कारण मला असं दिसतं की, टिळकांचं पत्र सत्तेकडं गेलं होतं आणि बाबासाहेबांचं पत्र समदुःखी माणसाकडं. सत्तेला उत्तर टाळावं लागतं, समदुःखी माणूस कपाट उघडून कागद काढून देतो. पुढं बाबासाहेबांची वाट संविधान सभेतून गेली आणि अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम आपल्या संविधानात आलं. ही दोन पत्रं आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डुबॉइस यांच्या कागदपत्रांत जपलेली आहेत. त्यांनी ती फाईलला लावली नसती, तर एवढं मोठं नातं आपल्याला कळलंच नसतं.

मित्रहो, या तिघांकडून आपण घ्यायचं काय? आपल्या तालुक्यात एका बाजूला कालव्याचं पाणी आणि ऊस आहे, दुसऱ्या बाजूला जिरायती गावं टँकरची वाट बघतात. पाण्याचं आवर्तन, रस्ता, शाळेची वर्गखोली, दवाखान्यातली रिकामी जागा, ही एकाची कामं नाहीत. त्यांना चिठ्ठी चालत नाही. चिठ्ठीनं मिळालेलं काम माणूस बदलला की थांबतं. शिवाय चिठ्ठी घेतलेल्या माणसाला उद्या जाब विचारायला जड जातं. ड्युएनसारख्या बेडर माणसाचीही तिथं ओढाताण झाली, मग आपली काय कथा.

म्हणून पत्र लिहायला हवं. आपल्याला ते येतंही. पाचवीपासून दहावीपर्यंत दर परीक्षेला आपण औपचारिक पत्र लिहिलं. उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली 'प्रति', मग विषय, 'महोदय' आणि शेवटी 'आपला विश्वासू'. पाच गुणांसाठी लिहिलेली ती पत्रं कुठंच पाठवायची नव्हती. गुरुजींनी आणि बाईंनी लाल शाईनं दुरुस्त करून ती आपल्याला परत दिली. ती तयारी खऱ्या पत्रांसाठी होती, हे आता कळतं. मागणी एकाच वाक्यात यावी, शिवी नसावी आणि लाचारीही नसावी, मागितलं तर सगळ्यांसाठी मागावं. हे टिळकांच्या आणि बाबासाहेबांच्या पत्रांत दिसतं आणि आपल्या मराठीच्या वहीतही होतं.

आणि नक्कल ठेवावी. आता फोनवर निरोप जातो, निळ्या खुणा दिसतात, फोन बदलला की सगळं पुसलं जातं. पाच वर्षांनी कुणी विचारलं, तुम्ही मागितलं होतं का, तर दाखवायला कागद नसतो.

माझी एक सूचना आहे. आज आपण शाळेसाठी जी देणगी गोळा करतो आहोत, तिच्यातून काय घ्यायचं ते मुख्याध्यापक ठरवतील. पण शाळेच्या कपाटात एक जाड फाईल आपण ठेवू. शाळेसाठी आणि गावासाठी आपण माजी विद्यार्थी ज्या कचेऱ्यांना, ज्या पुढाऱ्यांना लिहू, त्या प्रत्येक पत्राची नक्कल आणि आलेलं उत्तर त्या फाईलला लागेल. उत्तर आलं नाही तर पत्राच्या नकलेवर तसा शेरा आणि तारीख. पहिलं पत्र कशाचं असावं, हे जेवणाच्या पंगतीत ठरवू. मसुदा मी करतो. लाल शाईची दुरुस्ती मात्र मराठीच्या बाईंनीच करायची आहे.